हाडं बसवणाऱ्यांची नोंदवही

फ्रेडरिक अ‍ॅक्सहॅम हा लंडनमधला रीतसर शिकलेला डॉक्टर. १९११ साली जनरल मेडिकल कौन्सिलने त्याचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकलं. त्याच्या हातून कुणी दगावलं नव्हतं, त्याने कुणाला फसवलंही नव्हतं. हर्बर्ट बार्कर नावाच्या हाडवैद्याच्या रुग्णांना तो भूल द्यायचा, एवढाच त्याचा गुन्हा. बार्करकडे वैद्यकाची कसलीही पदवी नव्हती. पार्क लेनसारख्या श्रीमंत वस्तीत बसून तो अडकलेले गुडघे आणि आखडलेले खांदे हातांनी मोकळे करायचा. भूल न देता ते केलं तर रुग्णाचे हाल होणार, म्हणून अ‍ॅक्सहॅम शेजारी उभा राहायचा. १९२२ साली बार्करला 'सर' ही पदवी मिळाली. अ‍ॅक्सहॅमचं नाव मात्र पुन्हा चढलं नाही. १९२६ साली तो वारला तेव्हाही तो नोंदवहीच्या बाहेरच होता.

मी ऑस्टिओपॅथ आहे, म्हणजे सांधे आणि स्नायूंवर हातांनी उपचार करणारी. फिजिओथेरपी मुंबईत शिकले आणि ऑस्टिओपॅथी लंडनला. माझंही नाव तिथल्या एका सरकारमान्य नोंदवहीत आहे आणि दरवर्षी ते नव्याने कायम करून घ्यावं लागतं. अ‍ॅक्सहॅमचं नाव खोडलं गेलं ते १९११ साली आणि माझ्यासारख्यांची नावं लिहायला सुरुवात झाली ती १९९८ साली. या मधल्या काळात नेमकं काय बदललं, हे मला सांगायचं आहे. आमच्या उपचाराचं शास्त्र सिद्ध झालं म्हणून कायदा आला, असं बहुतेकांना वाटतं. तसं झालेलं नाही.

हाडं बसवणारे सगळीकडे होते. माझं माहेर कोल्हापूरचं. तिथे तालमीत खांदा निखळला की पहिला हात वस्तादाचा, तो हटला तर हाडवैद्याचा. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला शोधून आणायचं आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा, ही रीत मी घरात पाहिलेली आहे. इंग्लंडातही असंच होतं. १७३६ साली एप्सम गावच्या सेरा मॅप या हाडं बसवणाऱ्या बाईची इतकी कीर्ती झाली होती, की चित्रकार होगार्थने वैद्यांच्या टिंगलचित्रात तिला मधोमध, सगळ्यांच्या वर बसवलं. वेल्समधल्या इव्हान थॉमसच्या घराण्यात ही विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. लिव्हरपूलमध्ये त्याच्यावर पुन्हा पुन्हा खटले झाले, तेव्हा त्याने मुलांना वैद्यक शिकायला पाठवलं. त्यातला ह्यू ओवेन थॉमस पुढे अस्थिशल्यचिकित्सेचा एक आद्य पुरुष ठरला. आपल्या इस्पितळांमध्ये मोडलेल्या मांडीला आजही 'थॉमस स्प्लिंट' लावतात, ती त्याचीच. आणि १८६७ साली सर जेम्स पॅजेट या नामवंत शल्यविशारदाने आपल्या डॉक्टर बांधवांना भर व्याख्यानात सांगितलं होतं, की हाडवैद्य काही दुखणी खरोखर बरी करतात, ती कोणती हे बघा आणि त्यांच्याकडून शिका. ते व्याख्यान छापलंही गेलं. तरी चाळीसेक वर्षांनी अ‍ॅक्सहॅमचं जे व्हायचं ते झालंच.

आमची शाखा मात्र अमेरिकेतून आली. अँड्र्यू टेलर स्टिलचा जन्म १८२८ चा, व्हर्जिनियातला. वडील मेथॉडिस्ट धर्मोपदेशक आणि गावोगाव फिरणारे वैद्य. सीमेवरच्या वस्त्यांमध्ये मुलगा वैद्यकी शिकला ती वडिलांच्या हाताखाली. आत्मचरित्रात त्याने लहानपणची एक गोष्ट सांगितली आहे. डोकं फार दुखत होतं, म्हणून त्याने नांगराच्या दोरीचा झोका दोन झाडांमध्ये अगदी जमिनीलगत बांधला, त्यावर घोंगडी टाकली आणि दोरीवर मान टेकून पडला. डोळा लागला. उठला तेव्हा डोकं थांबलेलं होतं. आमच्या कॉलेजात ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळते. मला विचाराल तर स्टिलला घडवलं ते या दोरीने नव्हे, १८६४ सालाने. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तो गुलामगिरीविरोधी बाजूने लढला होता. त्याच वर्षी मेंदूज्वराच्या साथीत त्याच्या घरातली तीन मुलं गेली. डॉक्टर आले होते, त्या काळची औषधंही दिली होती. ती औषधं म्हणजे काय, तर पाऱ्याची कॅलोमेल, अफू आणि दारू. आज ती यादी वाचली तर कुणीही म्हणेल, की औषध न देणं बरं. स्टिलच्या मनात औषधांविषयी जो कडवटपणा भरला तो आयुष्यभर गेला नाही, आणि त्याबद्दल त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

नंतरची दहा वर्षं तो हाडं घेऊन बसला. प्रेतं उकरून शरीररचना शिकला. २२ जून १८७४ या दिवशी आपल्याला नवी वाट सापडली, असं तो पुढे सांगत असे. माणसाचं शरीर स्वतःला बरं करण्याची सामग्री घेऊनच आलेलं असतं. सांध्याची, कण्याची ठेवण बिघडली की रक्तवाहिन्या आणि नसा अडतात आणि आजार होतो. ठेवण सुधारली, की रक्त आपलं काम करतं. एवढी त्याची मांडणी. कॅन्ससमध्ये बॉल्डविन गावच्या ज्या बेकर विद्यापीठाच्या उभारणीला स्टिल कुटुंबाने हातभार लावला होता, तिथेही त्याला हे मांडू दिलं नाही. तो मिसूरीत कर्क्सव्हिलला आला आणि गावोगाव फिरून हाडं बसवू लागला. लोक त्याला झटपट हाडवैद्य म्हणू लागले.

मग कर्क्सव्हिलचं रूपच पालटलं. रेल्वेने भरभरून रुग्ण येऊ लागले, त्यांच्यासाठी खाणावळी आणि उतारशाळा निघाल्या. १८९२ साली एका दोन खोल्यांच्या लाकडी घरात 'अमेरिकन स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी' सुरू झालं. पहिल्या तुकडीत वीसेक विद्यार्थी होते आणि त्यांत बायकाही होत्या. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण त्या काळी पुष्कळ वैद्यकीय कॉलेजं बायकांना दारातही उभं करत नव्हती. शरीररचना शिकवायला विल्यम स्मिथ हा एडिंबरोत शिकलेला डॉक्टर मिळाला. त्यामुळे शाळेचा पाया कच्चा राहिला नाही. एम. डी. ही पदवी द्यायची मुभा असूनही स्टिलने ती दिली नाही. त्याने आपली डी. ओ. ही पदवी काढली.

अमेरिकेतली पुढची कथा थोडक्यात सांगते, कारण ती आमच्यापासून फुटून वेगळीच झाली. १८९६ साली व्हरमाँट राज्याने या उपचाराला पहिली कायदेशीर मान्यता दिली. १९०१ साली न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळ समितीपुढे ऑस्टिओपॅथांची बाजू मांडायला मार्क ट्वेन गेला होता. माझ्या देहाचं काय करायचं हे मी ठरवणार, हा त्याचा मुद्दा. वैद्यकीय शिक्षणाची झडती घेणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजांना झोडपलं आणि त्यांनी हळूहळू अभ्यासक्रमात औषधशास्त्र, शस्त्रक्रिया असं सगळं आणलं. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात तर पासष्ट डॉलर भरून डी. ओ. चं एम. डी. करून मिळत होतं. १९७३ पर्यंत सगळ्या राज्यांत डी. ओ. हे पूर्ण डॉक्टर झाले होते. आज ते औषधं लिहितात, शस्त्रक्रिया करतात, आणि त्यांतले पुष्कळ जण रुग्णाच्या पाठीला हातही लावत नाहीत. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ डॉक्टर नसतो, त्याला औषध लिहिता येत नाही. पुण्या-मुंबईतले नातेवाईक दोन्हींची गल्लत करतात, म्हणून हे सांगायला हवं.

आता हातांनी आम्ही करतो काय? पन्नाशीतला बसचालक कंबर धरून येतो, असं समजा. सुरुवातीचा बराच वेळ मी त्याला हातच लावत नाही, विचारत बसते. रात्री झोपेतून जाग येईल असं दुखतं का? वजन उतरलंय का? पूर्वी कर्करोग झाला होता का? दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली आहे का, लघवी अडते का? या शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं, तर माझं काम तिथेच संपतं. मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा दबलेला असू शकतो आणि त्याला त्याच दिवशी इस्पितळ गाठावं लागतं. कोणाला हात लावायचा नाही हे कळणं, हे आमच्या शिक्षणातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

तसं काही नसेल, तर त्याला उभं करून पुढे-मागे वाकायला सांगायचं. हातोडीने गुडघ्याचा झटका बघायचा, पाय सरळ उचलून बघायचा. मग बोटांनी चाचपायचं, कुठला स्नायू ताठ आहे, कुठला मणका हलायला कुरकुर करतो. काय सापडलं, मी काय करणार आहे, त्यात धोका काय, दुसरे उपाय कोणते, हे त्याला समजेल असं सांगून त्याचा होकार घ्यायचा. त्यानंतर उपचार. आखडलेले स्नायू दाबून, ताणून सैल करायचे. सांधा हळूहळू त्याच्या कक्षेत फिरवायचा. एक पद्धत अशी, की रुग्णाने माझ्या हाताविरुद्ध काही सेकंद जोर लावायचा आणि सोडायचा. सोडल्याबरोबर सांधा पहिल्यापेक्षा थोडा पुढे जातो. आणि सगळ्यांना माहीत असलेला तो झटका. वेगाचा, पण अगदी थोड्या अंतराचा. त्यात 'कट्' असा आवाज होतो.

या आवाजाभोवती मोठा भ्रम आहे. हाड सरकलं होतं ते जागेवर बसलं, असं रुग्णाला वाटतं आणि दुर्दैवाने काही उपचार करणारेही तसंच सांगतात. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटाचा सांधा ओढताना त्याचं हलतं एमआरआय चित्रण केलं गेलं. आवाजाच्या क्षणी सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना दिसली. जागचं हललेलं हाड जागेवर येतं, असा त्या आवाजाचा अर्थ नाही. वेदनेची जाणीव काही काळ मंदावते, आखडलेला स्नायू सैल पडतो, माणूस हालचालीला घाबरेनासा होतो. एवढं झालं की त्याला व्यायाम करता येतो, आणि टिकाऊ फायदा त्या व्यायामाने होतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ च्या कंबरदुखीविषयीच्या मार्गदर्शनात हेच सांगितलं, की हातांचे उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीने. स्टिलला वाटत होतं की या मार्गाने जवळपास सगळे आजार बरे होतील. ते खरं ठरलं नाही. त्याचा विद्यार्थी विल्यम सदरलँड याने कवटीची हाडं सूक्ष्म हलतात असं मानून एक पद्धत काढली. तिला भरवशाचा पुरावा मिळालेला नाही, आणि मी ती करत नाही.

आता लंडनकडे येते. जॉन मार्टिन लिटलजॉन हा ग्लासगोचा विद्वान. दुखणं घेऊन कर्क्सव्हिलला गेला आणि तिथेच शिकवू लागला. १९१३ मध्ये तो मायदेशी परतला आणि १९१७ साली, स्टिल वारला त्याच वर्षी, त्याने लंडनमध्ये 'ब्रिटिश स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी' काढलं. ब्रिटनमध्ये तेव्हा कुणीही दारावर ऑस्टिओपॅथ अशी पाटी लावू शकत असे. शिकलेल्यांना हे सलत होतं. आम्हाला नोंदवही द्या, म्हणून ते संसदेच्या दारात गेले आणि १९३५ साली लॉर्ड्स सभागृहाच्या निवड समितीपुढे विधेयकाची सुनावणी झाली.

त्या सुनावणीत लिटलजॉनची उलटतपासणी झाली. त्याच्या पदव्या कुठल्या, कशा मिळाल्या, विद्यार्थ्यांना दिलेली प्रमाणपत्रं कोणत्या शिक्षणाच्या जोरावर दिली, हे एकेक करून विचारलं गेलं आणि त्याला नीट उत्तरं देता आली नाहीत. समितीने त्याच्या शाळेबद्दल अहवालात जे लिहिलं ते जिव्हारी लागणारं होतं: संस्था नगण्य, कुचकामी आणि अप्रामाणिक हातांत. विधेयक मागे घ्यावं लागलं. डॉक्टरांच्या संघटनांनी कट करून आम्हाला बुडवलं, असं आमच्यातले काही जुने लोक अजून म्हणतात. डॉक्टरांचा विरोध होता, हे खरंच. पण समितीने विचारलेले प्रश्न रास्त होते असं माझं मत आहे. तुम्ही काय शिकवता, कुणाला पास करता, चूक झाली तर जाब कोण विचारणार? नोंदवही मागायला आलेल्यांनी हे घरून ठरवून यायला हवं होतं. दुसऱ्याच वर्षी, १९३६ मध्ये, ऑस्टिओपॅथांनी आपली ऐच्छिक नोंदवही सुरू केली. ऐच्छिक असल्यामुळे तिच्यातून काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी पाटी तशीच ठेवू शकत होता.

या मोकळ्या काळातला सर्वांत गाजलेला ऑस्टिओपॅथ म्हणजे स्टीफन वॉर्ड. तो कर्क्सव्हिलला शिकलेला आणि हाताचा गुणी. चर्चिलवर उपचार केलेला. दुसऱ्या महायुद्धात त्याची नेमणूक हिंदुस्थानात झाली होती आणि तिथे आपण महात्मा गांधींवर उपचार केल्याचं तो सांगत असे. १९६३ च्या प्रोफ्युमो प्रकरणात, म्हणजे ब्रिटनमधल्या एका गाजलेल्या राजकीय घोटाळ्यात, तो अडकला, त्याच्यावरच्या खटल्याच्या निकालाआधी त्याने झोपेच्या गोळ्या घेतल्या आणि ३ ऑगस्टला वारला. त्या प्रकरणाचा उपचाराशी काही संबंध नव्हता, तरी ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ म्हटलं की लोकांना वॉर्ड आठवू नये, अशी परिस्थिती यायला फार काळ जावा लागला.

१९९१ मध्ये किंग्ज फंड या संस्थेच्या कार्यगटाने नव्याने अहवाल दिला. अध्यक्ष होते न्यायमूर्ती सर थॉमस बिंगहॅम. अहवालाचा रोख साधा होता: लोक या उपचाराकडे मोठ्या संख्येने जात आहेत, चुकीच्या हातांनी इजा होऊ शकते, तेव्हा रुग्णाच्या रक्षणासाठी कायदा हवा. माल्कम मॉस या खासदाराने खासगी विधेयक मांडलं आणि १९९३ चा ऑस्टिओपॅथ कायदा झाला. ब्रिटनमध्ये मुख्य वैद्यकाबाहेरच्या उपचारपद्धतीला मिळालेला हा पहिला असा कायदा. 'जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिल' स्थापन झालं. मे १९९८ मध्ये नोंदवही उघडली, आणि आधीपासून काम करणाऱ्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली. जुनी पुण्याई कुणाची चालली नाही. आपलं शिक्षण, आपली पद्धत, आपल्या सुरक्षिततेच्या सवयी सविस्तर लिहून द्याव्या लागल्या आणि त्या तपासल्या गेल्या. वीस-वीस वर्षं दवाखाना चालवलेल्या काहींना हा अपमान वाटला. मे २००० पासून नोंद नसताना स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेणं हा गुन्हा झाला.

आज नोंद टिकवायची तर तीन वर्षांत नव्वद तासांचं पुढचं शिक्षण घ्यावं लागतं, त्यातलं निम्मं दुसऱ्यांच्या सोबतीने. रुग्णाशी संवाद आणि त्याची संमती हा विषय त्यात सक्तीचा आहे. शेवटी एखाद्या समव्यावसायिकासमोर बसून तीन वर्षांचा हिशेब द्यायचा. विमा सक्तीचा. कौन्सिलवर निम्मे सदस्य ऑस्टिओपॅथ नसलेले, आणि त्या कौन्सिलवरही देखरेख ठेवणारी वेगळी संस्था आहे. रुग्णाची तक्रार आली तर आधी चौकशी समिती, मग गरज पडल्यास सुनावणी. समज देणं, कामावर अटी घालणं, निलंबन किंवा नाव काढून टाकणं, असे निकाल होतात आणि ते कुणालाही वाचता येतात. मी ते वाचते. पुष्कळ प्रकरणं झटका चुकल्याची नसतातच. संमती न घेता कपडे काढायला सांगितले, नोंदी ठेवल्या नाहीत, रुग्णाशी नको तेवढी जवळीक केली, अशी ती असतात.

कायद्यात एक मोठी फट राहिली आहे. तो नावाला संरक्षण देतो, कृतीला नाही. ऑस्टिओपॅथ ही पाटी उतरवून दुसरं काही नाव लावलं, तर मणक्याला झटका द्यायला नोंद लागत नाही. नाव काढलं गेलेला माणूस त्याच खोलीत, त्याच टेबलावर काम चालू ठेवू शकतो. मानेच्या झटक्याने क्वचित का होईना, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी चिरून अर्धांगाचा झटका येऊ शकतो. निदान मानेपुरतं तरी कृतीवर बंधन हवं, असं माझं ठाम म्हणणं आहे, आणि ते मी व्यावसायिक बैठकांत मांडत असते.

भारतात ऑस्टिओपॅथांसाठी वेगळा कायदा किंवा परिषद नाही. फिजिओथेरपीचं तसं नाही. १९५२ मध्ये पोलिओच्या साथीनंतर मुंबईत तिचं शिक्षण सुरू झालं, महाराष्ट्रात तिच्यासाठी परिषद आहे, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यातही तिचा समावेश आहे. पण मानेचे आवाज काढणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर बघून कोल्हापूरहून भावजयीचा फोन येतो, 'वन्सं, इथं एक जण आलाय, मान मोडून देतोय म्हणे. जाऊ का?' मी तिला विचारायला सांगते: मूळ शिक्षण कशाचं, ते कुठल्या परिषदेत नोंदवलंय आणि नोंदणी क्रमांक काय. क्रमांक मिळाला तर तो परिषदेकडे तपासून घ्यायचा. मिळाला नाही तर मानेला हात लावू द्यायचा नाही. आणि कुणी झटका दिल्यावर चक्कर आली, एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली किंवा चेहऱ्याची एक बाजू बधिर पडली, तर त्याच्याकडे परत न जाता थेट मोठं इस्पितळ गाठायचं आणि मानेला झटका दिला होता हे तिथल्या डॉक्टरला आधी सांगायचं.